एक वाजताची खुर्ची

नांदुऱ्याच्या अंगणवाडीत धम्मशीलाबाई इंगळे यांनी बावीस वर्षं गावाची पोरं सांभाळली. माहेर बीबी गावचं, नवरा प्रेमानंद एसटीत कंडक्टर, स्वतःला लेकरू नाही. पण बाईंचं ऐकणं असं, की रेशनच्या रांगेतली अनोळखी बाईसुद्धा त्यांच्याजवळ मन उकलून बसायची.

हे हेरलं केबलवाल्या अब्दुल गनींनी. स्टेशनरोडवर त्यांचं दुकान होतं आणि वरच्या खोलीतून गावाचं चॅनल चालायचं. सकाळी हरवलं-सापडलं, संध्याकाळी लोकांच्या लग्नांचं शूटिंग, आणि दुपारी नुसता निळा पडदा.

"बाई, दुपारी बायका घरीच रायतात," गनी म्हणाले. "तुमी बसा, समोर गावातली एक बाई बसवा, अन् बोला. बस, येवढंच."

अशी २०११ मध्ये 'दुपारची बैठक' सुरू झाली. दोन खुर्च्या, एक टेबल, कॅमेऱ्यामागे स्वतः गनी, आणि चहा त्यांच्या बायकोचा, खुर्शीदाचा. पहिले काही महिने लोणच्याला बुरशी का येते, लेकराचा खोकला का जात नाही, असंच चाललं. डाळ निवडता निवडता बायका पाहायच्या.

मग एक दिवस पंचफुला आली. ती शेळ्यांच्या रोगाविषयी सांगायला आली होती. बोलता बोलता थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "बाई, माही पह्यली पोरगी नऊ दिवसाची होऊन गेली. सासूनं मले रडू नाई देल्लं. नाव बी ठेवलं नोतं तिचं."

पुढची चाळीस मिनिटं ती एकटी बोलत होती. बाई नुसत्या ऐकत होत्या. गल्लोगल्ली बायका टीव्हीसमोर रडल्या. किती घरांतल्या भाज्या करपल्या त्याला गणती नाही. जाताना पंचफुला जिन्यावरून तरुण पोरीसारखी भरभर उतरली.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रांग लागली. मलकापूर, खामगाव, शेगावच्या केबलवाल्यांनी 'बैठक' मागून घेतली. शेगावच्या लॉजमध्ये दर्शनाला आलेल्या बायका एक वाजला की टीव्हीभोवती गोळा व्हायच्या. रस्त्यात बाईंना लोक वाट करून देऊ लागले. त्यांना ते आवडायचं. खोटं कशाला सांगायचं, फार आवडायचं.

तीन महिन्यांनी बाजारात पंचफुला भेटली. बाईंनी तिचा हात धरून हळूच विचारलं, "पोरीची आठवण येते का अजून?"

"कोणती पोरगी?" पंचफुला हसली. "मले तं दोन पोरंच हायेत, बाई."

तिला विषय टाळायचा असेल, असं बाईंना वाटलं. पण तिच्या डोळ्यांत टाळणं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात अन्नपूर्णाचा मुलगा हर्षल घरी आला, दारातच उभा राहिला. त्याच्या आईने 'बैठकी'त नवऱ्याचं शेवटचं आजारपण सांगितलं होतं. "बाई, माय बाबाच्या फोटोसमोर उभी रायते अन् मले इचारते, हा मानूस कोन व्हय? याले हार काऊन घातला? काय केलं तुमी तिले?"

बाई तशाच गनींकडे गेल्या. गनींकडे प्रत्येक भागाची सीडी होती. त्यांनी अन्नपूर्णाची लावली. पडद्यावर अन्नपूर्णा बोलत होती, ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज नव्हता. मधूनच बाईंचा हुंकार तेवढा स्वच्छ ऐकू येई. पंचफुलाची लावली. तीही तशीच. गनींनी वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या. काही फरक पडला नाही. खाली जाऊन दोघांनी शेजारच्या बायकांना विचारलं. सगळ्यांनी ते भाग पाहिले होते, रडल्याही होत्या. पण कशासाठी रडलो, हे एकीलाही सांगता येईना.

बाईंना मात्र शब्दन् शब्द आठवत होता. तेव्हापासून भर दुपारी, स्वयंपाकघरात बसल्या असताना, त्यांच्या मांडीवर नऊ दिवसांच्या बाळाएवढं वजन येऊन बसू लागलं. मांडी हलवली तर ते वजन किंचित सरकायचं.

त्यांनी बैठक बंद करायचं ठरवलं. पण बायका ऐकेनात. आता त्या जाणूनच येत होत्या. एक तर पाया पडली. "मले माईत हाये काय होते ते. मले इसराचंच हाये, बाई. तुमाले काय जाते?"

बाई आणखी दोन वर्षं बसल्या. चाळीसच्या वर बायकांचं दुःख त्यांनी पोटात घेतलं. झोपेत प्रेमानंदला त्या परक्या पुरुषांच्या नावांनी हाका मारायच्या.

हळूहळू गाव बिचकलं. ज्यांच्या आया, बायका आपल्याच माणसांना ओळखेनाशा झाल्या, ते एक वाजता टीव्ही बंद करून वर कापड टाकू लागले. बाहेरगावच्या केबलवाल्यांनी बैठक सोडली. मग घरोघर डिश आली, हाताहातांत मोबाईल आले. रस्त्यात आता लोक बाईंना वाट द्यायचे, पण ती अंग चोरून. जिना ओस पडला. कित्येक दुपारी समोरची खुर्ची रिकामी असायची आणि बाई तिच्याकडे पाहत तासभर बसून राहायच्या.

अशाच एका दुपारी चहाचा ट्रे खाली ठेवून खुर्शीदा त्या खुर्चीत बसली.

"ताई, मले मलिहाचं सांगाचं हाये."

मलिहा तिची आणि गनींची मुलगी. बारा वर्षांची असताना तापाने गेली होती. कॅमेऱ्यामागून गनी पुढे आले.

"खुर्शीदा, उठ तिथून," ते म्हणाले.

"नाई. मले रोज तिची वेणी दिसते. आता नाई सहन होत." ती बाईंकडे वळली. "त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, अम्मी..."

बाईंनी टेबलावरून झेपावून तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याच क्षणी गनींनी भिंतीतली वायर उपटली.

"तू इसरलीस तं म्या कोनासंग आठवू तिले?" गनी म्हणाले आणि जमिनीवरच बसले. खुर्शीदा बाईंच्या तळहातात किती तरी वेळ रडत होती. बैठक त्या दिवशी संपली ती कायमची.

मग बाई घरोघर निघाल्या, ज्याचं त्याला परत द्यायला. अन्नपूर्णाकडे तीन दुपारी बसून त्यांनी तिच्या नवऱ्याची सगळी हकिगत सांगितली. ती शेजारच्या घरची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मंग तो मेला का?" आणि बाईंनी मान हलवताच तिने असा हंबरडा फोडला, की हर्षल धावत आला. पण पंचफुलाने दारातच हात जोडले. "काय असन ते तुमच्याजोळच राहू द्या." बऱ्याच जणींनी तेच केलं.

गेल्या वर्षापासून बाईंचं विसरणं सुरू झालंय. आधी किल्ली, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढतच जाईल. मांडीवरचं वजन हलकं झाल्याचं बाईंनी एकदा आनंदाने प्रेमानंदला सांगितलं. कसलं वजन, ते त्यांना सांगता आलं नाही.

आणि बायका येऊ लागल्या. या दिवाळीनंतर पहिली आली शेगावकडची बनाबाई, कधीकाळी 'बैठकी'त बसून गेलेली. स्टँडपासून उन्हातून चालत आलेली, चेहरा पांढराफटक. दारातून तिने विचारलं, "बाई, मले एक भाऊ होता का वो? इहिरीवर काम करे तो? सकाळपासून त्याचा आवाज येऊन राह्यला."

बाईंनी तिला ओळखलं नाही. प्रेमानंदकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. बनाबाई ओट्यावर बसली आणि एकेक तुकडा जोडत स्वतःच सांगू लागली. कधी चुकायची, मागे जायची, पुन्हा सांगायची. भावाचं नाव सापडलं तेव्हा ती ओरडलीच. प्रेमानंदने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तोंड धुतलं, पुन्हा रडली, आणि चार वाजताच्या बसने, डोळे सुजलेले, गावी परत गेली.