धुऱ्यावरची तूर आणि वकीलबाई

टीव्हीवरच्या त्या कोर्टाच्या मालिकेत लोकांना वकीलबाईचं कडाडणं आवडतं. मला नाही. कडाडायला वकिली कशाला शिकायला हवी? मला ती आवडते प्रश्न विचारून गप्प उभी राहते तेव्हा. समोरचा रुमालाशी चाळा करतो, इकडेतिकडे बघतो, आणि ही नुसती थांबते. एका भागात मोलकरीण मालकिणीविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली आणि आधी तिनं पाणी मागितलं. तिचा ग्लास संपेपर्यंत सगळं कोर्ट थांबलं. तो भाग मी मोबाइलवर पुन्हापुन्हा पाहिलाय.

मालिका पाहायला धाकटी जाऊ रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. मोठी जाऊ म्हणून ती मला बाई म्हणते. घरं वेगळी झाली, शेत वाटलं गेलं, तरी हे सुटलं नव्हतं. खोटी साक्ष देणारी बाई पडद्यावर आली की जाऊ शेंगा सोलता सोलता माझ्यापेक्षा मोठ्यानं तिचा उद्धार करायची.

मग दोघा भावांचं धुऱ्यावरून बिनसलं. धुरा म्हणजे धानाच्या दोन खाचरांमधला मातीचा बांध. त्यावर आम्ही तूर लावतो, आणि ज्या घरची तूर त्या घरचा धुरा, असं गावात धरतात. आमच्या धुऱ्यावरची तूर आम्ही दोघी जावा मिळून लावायचो. ती काठीनं भोक पाडायची, मी दाणे टाकायचे. दोघा भावांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपलीच बायको लावते.

प्रकरण मोहाडीच्या तहसीलमध्ये गेलं. धुरा कोणाकडेही जावो, जाऊ दुरावायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. तूर आम्हीच लावतो असं सांगायचं, असं नवऱ्यानं मला बजावून नेलं होतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दोघीबी लावतो साहेब. भोक तिच्या हातचं, दाना माह्या हातचा."

नवऱ्याचं तोंड उतरलं. मला मात्र हलकं वाटलं, खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली. आता जाऊही हेच सांगणार, मग भांडायला उरणार काय?

जावेला विचारलं. ती साहेबांच्या टेबलाकडे बघत म्हणाली, "तूर मीच लावली. बाई कधी धुऱ्यावर आल्याच नाही."

मालिकेत अशा वेळी वकीलबाई उठते. इथे कोणी उठलं नाही. बाबूनं तिची सही घेतली आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

बाहेर लिंबाखाली ती माझ्याजवळ आली. "राग नोका धरू बाई," म्हणाली. "मले त्याच घरी जाऊन राहाचं हाय."

रस्त्यापलीकडे माझा नवरा गाडी सुरू करून माझ्याकडे पाठ फिरवून बसला होता. मलाही त्याच गाडीवर मागे बसून घरी जायचं होतं.