आधी शिकायची चार वाक्यं

बाबा गेले त्याला आता काही आठवडे झाले. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते आणि ओठांवर जर्मन वाक्यं येतात. ती बाबांनी माझ्याकडून घोकून घेतली होती. त्यांना स्वतःला जर्मन येत नव्हतं.

सत्तरच्या दशकात धरमपेठेत संध्याकाळी जर्मनचा वर्ग भरायचा. मी कॉलेजात होते. वर्गातून एकाला वर्षभर जर्मनीत शिकायला पाठवणार होते आणि निवडीची तोंडी परीक्षा घ्यायला तिकडच्या बाई येणार होत्या. ती जागा मला फार हवी होती, इतकी की मी त्याबद्दल कुणाशी बोलतही नसे. व्याकरणाचे तक्ते स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत पोचले होते. पण सर भरभर काही बोलले की माझी मान आपोआप हलायची. मोठ्या माणसाला ‘कळलं नाही’ असं तोंडावर म्हणणं आमच्यात उद्धटपणाचं. सगळा वर्गच माना हलवायचा.

एकदा बाबा मला वर्गातून घ्यायला आले आणि दारातून हे बघत उभे राहिले. वाटेत म्हणाले, “समजलं नाही तं मान काहून हालवते वं?”

“सरांना काय वाटेल, बाबा?”

बाबा शाळामास्तर. पहिली नेमणूक सिरोंच्याकडे, तेलुगू बोलणाऱ्या गावात. “मीबी हालवत होतो,” ते म्हणाले. “घरमालकीण काही विचारे, मी मान हालवली का ती ताटात ठेचा वाढे. डोळ्यातून पाणी, तरी मान हालूनच राहिली. मग एका पोराकडून ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ एवढं शिकून घेतलं. त्यानंतर सारं गाव मले शिकवाले लागलं. तू पहिले तेच शिक. बाकीचं तेच लोक शिकवतीन.”

मग सरांना विचारून मी वाक्यं आणली. मला समजलं नाही. पुन्हा सांगा. सावकाश बोला. याला काय म्हणतात? लहानपणी दिवेलागणीला पाढ्यांचा परवचा म्हणायचो, त्याच चालीवर बाबा ती म्हणायला लावायचे आणि स्वतः मांडीवर ताल धरायचे. आई म्हणायची, “बाप-लेकीचा कोणता देव आहे हा, प्रसाद तं काहीच नाही.”

परीक्षेच्या दिवशी माझ्या आधीचे सगळे हसतमुखानं बाहेर आले. बाईंना हो म्हणत राहिले होते, एवढंच त्यांना आठवत होतं. मी आत गेले. बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला आणि माझी मान हलू लागली. ती मी थांबवली. तोंड उघडलं तर वाक्यं बाहेर आली ती परवच्याच्या चालीवर, थेट सुरात. मला समजलं नाही, पुन्हा सांगा, सावकाश बोला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे कुठलं गाणं, असं त्यांनी विचारलं असावं. तेही मला नीट कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लावलं. मग दिवा, संध्याकाळ, पाढे, वडील, जमतील त्या शब्दांनी सांगत गेले. शब्द अडला की हातानं दाखवायचं आणि याला काय म्हणतात ते विचारायचं. त्या सांगायच्या, मी तो शब्द लगेच वाक्यात घालायची. माझी वेळ कधीच संपली होती. बाईंना मांडीवरचा ताल शिकायचा होता.

निवड माझी झाली. मी धावत घरी आले. बाबा व्हरांड्यात संत्रं सोलत बसले होते. ऐकून घेतलं, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.

“समजलं नाही,” ते म्हणाले. डोळे भरले होते. “सावकाश सांग.”

गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, परवच्याच्या चालीवर, मी तिसऱ्यांदा सांगितलं.