राखून ठेवलेला वेग

दुकानात आला की तो आधी माणसांशी बोलायचा नाही. पायरीवर चपला काढायचा, टेबलाखाली वाकायचा आणि उजव्या हाताची उलटी बाजू कॉम्प्युटरच्या डब्याला लावायचा. ताप बघायला पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग उठून सांगायचा, "हाय. अजून हाय त्याच्यात."

काय आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कंपनी राखून ठेवते, ताई. आपण काढून घ्यायचं."

माझा रेवदंड्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट फोटो. शूटिंग मी करते आणि नंतरचं मिक्सिंगही मीच करते. तो चौलचा. थळपासून मुरूडपर्यंत ज्याच्या ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता, त्याच्याकडे तो स्कूटर घेऊन जायचा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने वर्षभरात पंखे गंजतात, स्क्रू निघत नाहीत. ती कामं तो चोख करायचा, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही. त्याची खोड एकच. दुरुस्ती संपली तरी तो थांबायचा नाही.

प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंगमध्ये शिरून तो हाताने वाढवता येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मशीन जास्त पळतं, जास्त तापतं, आणि फार ताणलं तर चुका करायला लागतं. एवढं कळलं तरी पुरे. मलाही याहून जास्त कळत नाही.

मुरूडला एका चाचांचं विमानाच्या तिकिटांचं दुकान होतं. आखातात जाणारी सगळी पोरं त्यांच्याकडे. त्यांचा जुना कॉम्प्युटर याने दुरुस्त केला आणि न विचारता पळवूनही दिला. पहिल्याच गर्दीच्या दिवशी तो तीनदा बंद पडला. चाचांनी याला बोलावून खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "देखो मियाँ, आपल्याला फक्त तिकीट काढायचंय. विमान पायलट उडवतो."

ही गोष्ट तो स्वतःच सगळीकडे सांगायचा आणि सगळ्यात मोठ्याने हसायचा. वर म्हणायचा, "चाचांचा पंखा कमजोर होता."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. सायकलवाला असेल, पंपवाला असेल, गिरणीवाला असेल. आहे ते नीट चालतंय, हे ज्याला बघवत नाही असा. आपण त्याला हौशी म्हणतो आणि सोडून देतो. मीही तेच केलं.

हे त्याच्यात कुठून आलं, ते एकदा त्याच्याच तोंडून कळलं. तो पूर्वी आतल्या बाजूच्या एका कारखान्यात मीटर-गेजची देखभाल करायचा. चौदा वर्षं, कंत्राटावर. कायम होण्याची यादी दर वर्षी लागायची आणि दर वर्षी याचं नाव पुढच्या यादीत असायचं. "जागा हायत, पण राखून ठेवल्यात," असं साहेब सांगायचा. मग एक दिवस कंत्राटच संपलं. हे सांगताना तो माझ्या मशीनचे स्क्रू आवळत होता. "कुठलीच कंपनी पुरं देत न्हाय, ताई. मीटरवर शंभर लिहिलेलं असतं ना, आत सव्वाशे असतं. मी बघितलंय."

त्या दिवशी त्याने माझं मशीन पळवलं आणि मी पळवू दिलं.

पण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणारी बाई आहे. एकच लग्न घेतलं, नागावचं. त्याचं आउटपुट, म्हणजे तयार व्हिडिओ, आधी काढलं होतं तेव्हा तीन तास चाळीस मिनिटं लागली होती. वेग वाढवल्यावर तीन तास पंधरा. पंचवीस मिनिटं वाचली. पेढे वाटावेत असं त्याचं तोंड झालं होतं.

"पंचवीस मिनिटं, ताई! सीझनला किती लग्नं करता?"

"आणि त्या पंचवीस मिनिटांत मी काय करू?"

"काय पण करा. तुमची हायत."

मी त्या पंचवीस मिनिटांत घरी जाऊन कुकर लावला. रोज लावतेच. तिकडे नवऱ्यामुलाच्या आत्या अल्बमचे फोटो निवडायला दोन महिने घेतात, आणि इकडे आम्ही पंचवीस मिनिटांसाठी मशीन तापवतो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्याचं माझ्या हातात न्हाय."

दोन वर्षांपूर्वी मी नवा कॉम्प्युटर घेतला. अलिबागच्या दुकानातली मुलगी हुशार होती. तिने पेटी उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, आता प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. थंड असला की पळतो, तापला की आवरतो. हाताने काढायला फार काही उरलेलं नसतं. चांगला पंखा घ्या आणि हात लावू नका."

मी हे त्याला शब्दशः सांगितलं. 

"म्हणजे कंपनीने सगळं देऊन टाकलं?"

"असं ती म्हणाली."

"कुठली कंपनी असं करते?" आवाज चढला होता. "पोरगी विकायला बसलीय, तिला काय ठाऊक?"

जानेवारीतल्या एका रविवारी तो सकाळीच वही घेऊन आला. दोनशे पानी, शाळेची. तीत त्याने तालुक्यातल्या मशीनचे वेग आणि तापमान लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत तो माझ्या खुर्चीत बसून होता. थंडी होती, पंखा लावला की अंगावर शहारा येत होता. प्रोसेसरमधून त्याने सगळी विद्या लावून काढली चार मिनिटं. चारच. ती मुलगी खरं बोलली होती, आणि हे त्याला माझ्या आधी कळलं.

तिथे थांबला असता तर मी हे लिहायला बसले नसते. तो म्हणाला, "रॅम राहिली." कॉम्प्युटर हातातलं काम जिथे धरून ठेवतो ती रॅम. त्याने तिचाही वेग वाढवला. आणखी सात मिनिटं आली. त्याने दिवसभर मशीन ताणून बघितलं, ते कुठे अडखळलं नाही. वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

"मे महिन्यात माझ्या पोरीचं लग्न हाय. जावई कतारला असतो, आठ दिवसांत परत जाणार. त्याला व्हिडिओ घेऊन जायचाय. तवा लागंल हे."

म्हणजे अकरा मिनिटं त्याने लेकीच्या लग्नासाठी काढून ठेवली होती.

मे महिना आला. आमचा मे तुम्हाला ठाऊक असेल, हवाच ओली आणि गरम. त्या आठवड्यात विजेचा दाब इतका कमी होता की दुकानातला एसी चालू होत नव्हता. हळदीच्या दोन दिवस आधी मशीन एकदा निळा पडदा दाखवून बंद पडलं आणि परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्याला फोन केला नाही. तो मांडवाला माळा बांधत होता, आणि मला दोन लग्नांची घाई होती. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

हळदीला तो नाचला. वीस वर्षांत मी त्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. फोटो काढायला गेलं की म्हणायचा, "माझा काय काढता, बॅटरी वाचवा." त्या दिवशी लेकीने त्याचा हात धरून ओढला. आधी तो नुसता उभा राहिला. मग एक खांदा हलला, मग दुसरा, आणि मग हळदीने माखलेला तो माणूस डोक्यावर टॉवेल बांधून असा नाचला की त्याची बायको पदराने तोंड झाकून हसत खाली बसली. आजूबाजूच्या बायका मोबाइल घेऊन पुढे आल्या. मी ओरडले, "बाजूला व्हा गं, मोबाइल आत घ्या! मी काढतेय ना!"

सगळ्या बाजूला झाल्या.

दुपारी दुकानात येऊन मी नेहमीसारखं केलं. कॅमेऱ्याची कार्डं कॉम्प्युटरवर उतरवली, कॉम्प्युटरवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर घेतली आणि कार्डं पुसली, कारण संध्याकाळी थेरोंड्याला साखरपुडा होता. दोन ठिकाणी कॉपी, म्हणजे निर्धास्त. पण पहिलीच कॉपी त्या तापलेल्या मशीनने चुकत चुकत केली होती, आणि दुसरी तिच्यावरून.

मिक्सिंगला बसले तेव्हा लग्नाचं सगळं ठीक होतं. हळदीत तो पहिला खांदा हलवतो तिथपासून अकरा सेकंद नीट, आणि मग पडदाभर हिरवे चौकोन. आवाजही तुटका. दुसरी डिस्क लावली. तिथेही अकरा सेकंद, मग चौकोन. पुसलेल्या कार्डांवर साखरपुडा बसला होता. शेजारच्या एका मुलीने मोबाइलवर घेतलेला तुकडा मिळाला. माझ्या ओरडण्यामुळे ती मागे गेली होती. त्यात कोणाचा तरी अंबाडा आहे.

त्याला बोलावलं. आला, चपला काढल्या, वाकून डब्याला हात लावला. या वेळी "हाय" म्हणाला नाही. मी त्याला चौकोन दाखवले. त्याने दोनदा पाहिले.

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "अकरा मिनिटं वाचवलीत ना? घ्या. अकरा सेकंद उरलीत. स्वतःच्या लेकीच्या हळदीपुरतासुद्धा तुम्हाला धीर धरवला नाही."

"थंडीत चाललं होतं, ताई."

"लग्नं थंडीत असतात का इथली?"

तो माझ्या खुर्चीत बसला आणि एकेक सेटिंग परत फिरवलं. कंपनीने दिलं होतं तसं. उठताना म्हणाला, "घरी सांगू नका. बायकोला वाटतंय, मी तुमचं मशीन तालुक्यात सगळ्यात फास्ट केलंय."

व्हिडिओ आठ दिवसांत दिला. जावई घेऊन गेला. नंतर तो दुकानात आला नाही. बाजारात दिसला की स्कूटरवरून मान हलवायचा. मीही हलवायचे. बोलावणं जड नव्हतं, पण मी बोलावलं नाही. मशीन नीट चालत होतं, काम निघालं नाही, अशी कारणं मी स्वतःला दिली.

गणपतीच्या चार दिवस आधी तो गेला. लेप्टो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. भाताच्या खाचरातल्या पाण्यात पायाला जखम झाली होती. पाच दिवस ताप अंगावर काढला. बायको डॉक्टरकडे चला म्हणाली की सांगायचा, "थोडं तापणारच." अलिबागला नेला तेव्हा उशीर झाला होता. तालुक्यातल्या प्रत्येक डब्याचा ताप ज्याने वहीत लिहिला, त्याच्या घरात थर्मामीटर नव्हता.

दिवाळीनंतर त्याची बायको दुकानात आली. स्टुलावर बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "ताई, हळदीचा तो नाच. व्हिडिओत तुम्ही थोडाच ठेवलाय. बाकीचा तुमच्याकडं राखून ठेवला असंल ना?"

मी सांगितलं, "नाही. बाकीचा खराब झाला. मशीन बिघडलं होतं."

तिला ते पटेना. माझ्याकडे नवलाने बघत म्हणाली, "मग त्यांना का न्हाय बोलावलंत? त्यांनी केलं असतं की."

यावर देण्यासारखं माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी दिलं नाही. तिच्यावर दया म्हणून नाही. घरी सांगू नका, असं तो म्हणाला होता, आणि त्याने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती.

तिने ती अकरा सेकंदं तीनदा पाहिली. एक खांदा, मग दुसरा, टॉवेल. चौथ्यांदा लावू का विचारलं तर नको म्हणाली. पिशवीतून लेकीचा पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो तुकडा त्यावर घेतला. कॉपी व्हायला क्षणही लागला नाही. एवढ्याला कुठलंही मशीन पुरतं.