आधी ज्वारी, मग सत्कार

सर सत्काराची हकिगत सांगत होते आणि मी त्यांच्या कंप्युटरला कान लावून बसलो होतो. आतून कट-कट आवाज येत होता. हार्ड डिस्क म्हणजे सगळी माहिती साठवणारी तबकडी. ती असा आवाज करायला लागली की तिचा भरवसा संपला.

"सर, डिस्क मरायला टेकलीय. सगळं निघेल याची खात्री नाही. आधी काय कॉपी करू?"

"अर्थात सत्काराचं शूटिंग," सर म्हणाले. "तीन कॅमेरे होते."

सर जिंतूरचे निवृत्त अधिकारी. कुठल्या खात्याचे ते मी सांगत नाही, ते स्वतःच दर दोन वाक्यांनी सांगतात.

"आन माझे मेल?" दारातून काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, विचारलं.

"तिचं काय, बियाण्यांच्या चौकशा आहेत."

"चौकशा न्हाईत त्या," काकू माझ्याकडे वळल्या. "दादा, कुठकुठून लोकांनी मला जुन्या ज्वारीचं बी पाठवलंय. मी डब्यांवर निस्ते नंबर टाकले. कोणतं हलक्या रानात पेरायचं, कोणतं भारी रानात, समदं मेलमदी हाय. चारठाण्याच्या शेतात पेरणी तोंडावर आलीय."

"मग ते इंटरनेटवर दिसतीलच," मी म्हणालो आणि मोबाईलवर त्यांचं खातं उघडून दिलं. इनबॉक्स रिकामा.

घरच्या कंप्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये एक सेटिंग असतं. ते चालू केलं की मेल घरी उतरतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून पुसला जातो. म्हणजे एकुलती एक प्रत आपल्याकडे.

"हे कुणी चालू केलं?"

"मी," सर ताठ बसून म्हणाले. "आपला पत्रव्यवहार परक्याच्या ताब्यात कशाला?"

मी हिशोब सांगितला. काकूंचे मेल काही मिनिटांचं काम. शूटिंगला दोन-तीन तास, आणि तेवढा वेळ डिस्क टिकेलच असं नाही. लहान आणि दुसरीकडे न मिळणारं आधी काढायचं, असा आमच्या धंद्यातला नियम.

"पण काही ज्येष्ठता पाळाल की नाही?"

"डिस्कला सेवाज्येष्ठता कळत नाही, सर."

"अन् शूटिंगवाल्याकडं प्रत असंल की," काकू म्हणाल्या. "माझ्या मेलची हाय का कुणाकडं?"

सरांनी खुर्ची मागे सरकवून मला जागा करून दिली. मी ती संमती धरली.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. मेलचं फोल्डर निम्म्यावर आलं आणि अडकलं. काकूंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. मी डिस्क बंद केली, पंख्याखाली गार होऊ दिली, पुन्हा जोडली. या खेपेला सगळं आलं. काकूंनी लगेच सात नंबरच्या डब्याचा मेल उघडायला लावला. "भारी रान," त्या मोठ्यानं वाचून म्हणाल्या, "अन् मी माळावर टाकनार व्हते!"

मग ब्राउझरचे बुकमार्क. ती एक छोटीशी फाइल. काकूंच्या खुणा हवामानाच्या आणि पेरणीच्या. सरांनी मात्र सत्काराची एकच बातमी नऊ वेळा जतन केलेली. उघडून पाहिली तर ते पान साइटवरून केव्हाच काढलेलं.

"पण मी सेव्ह केली होती!"

"सर, बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता. घरच पाडलं तर पत्त्याचं काय करणार?"

शेवटी शूटिंग. पहिला भाग आला: दीपप्रज्वलन, हार, प्रास्ताविक. दुसऱ्या भागाला हात घातला आणि डिस्क कायमची थांबली.

"भाषण?" सरांनी हळूच विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"जाऊ द्या हो," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी बी लोक तेवढंच बघून जेवायला उठले व्हते."

मी स्क्रीनमध्ये तोंड खुपसलं. पण आधी हसले ते सरच.

नवी डिस्क बसवून मी ते सेटिंग बंद केलं आणि मेलची एक प्रत पेन ड्राइव्हवर देऊन आलो. पंधरवड्यानं काकूंचा फोन आला. पेरणी झाली, सगळं बी आपापल्या रानात गेलं. शूटिंगवाल्याकडे सत्कारही सापडला, भाषणासकट. ही दुसरी बातमी त्यांनी जरा नाराजीनंच दिली.

तेव्हापासून बॅकअपला बसलो की ज्या फोल्डरात हार घातलेला माणूस दिसतो, ते मी शेवटी घेतो. त्याची प्रत कुणाकडे ना कुणाकडे असतेच.