उजव्या बाजूचा कार्ब्युरेटर

संध्या वझलवारला बर्फ कधी आवडलाच नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन अर्धं आयुष्य झालं, तरी नोव्हेंबर लागला की तिच्या कपाळावर जी आठी पडायची ती एप्रिलमध्येच उतरायची. तिचा नवरा मनोहर नेमका उलटा. नागपूरच्या उन्हाळ्यात, गच्चीवर पाणी मारून झोपत वाढलेला हा माणूस. पण अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या डेलनं त्याला विस्कॉन्सिनमधल्या गोठलेल्या तळ्यावर नेलं, स्नोमोबिलवर मागे बसवून एक चक्कर मारून आणली, आणि मनोहर घरी आला तो कामातून गेलेलाच.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे घसरायला दोन स्की, मागे चाकांऐवजी रबरी पट्टा, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून वेग वाढवायचा थ्रॉटल. मनोहर ती आयुष्यभर दुसऱ्यांची चालवत आला. रिटायर झाल्यावर मात्र त्यानं स्वतःची एक जुनी गाडी घेतली आणि गॅरेजमध्ये तिचं इंजिन उघडून बसला. मूळ सिलिंडर काढून त्यानं बाहेरच्या एका कारखान्याचं मोठ्या सिलिंडरांचं किट मागवलं, मोठे पिस्टन बसवले.

"इंजिन मोठं झालं की त्याची भूक वाढते बघ," तो संध्याला सांगायचा. "दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. दोघांना पोटभर पेट्रोल मिळालं पाहिजे. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की पिस्टन जळालाच म्हणून समज."

संध्या तोंडात टाचण्या धरून मान हलवायची. लग्नाच्या गाऊनांचं आल्टरेशन करणाऱ्या एका दुकानात ती वर्षानुवर्षं काम करत होती, आणि घरीही एखादा गाऊन मांडीवर असायचाच. पेट्रोल, पिस्टन तिच्या एका कानातून जायचं आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचं.

किट बसवून झालं. आता फक्त कार्ब्युरेटर नव्या इंजिनाला जुळवून घ्यायचे राहिले होते. आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी चहा पिताना मनोहरच्या हातातला कप निसटला. तो वाकून उचलायला गेला आणि तसाच कलंडला.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला होता. जीव वाचला. उजवा पाय काठीच्या आधारानं चालू लागला, उजवा हात मात्र कोटाच्या रिकाम्या बाहीसारखा लोंबत राहिला. त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. सगळं कळायचं त्याला, पण बोलायला गेला की भलताच शब्द बाहेर यायचा. पाणी हवं असलं की ताट म्हणायचा. संध्याला तो सरला म्हणून हाक मारू लागला. सरला त्याची बहीण.

बोलण्याचा सराव घ्यायला येणारी थेरपिस्ट मुलगी मोठी गोड होती. तिनं संध्याला समजावलं, "ते चुकीचा शब्द बोलले तर रागावू नका. चुकीचा शब्द बरेचदा खऱ्या शब्दाच्या शेजारीच राहत असतो. तुम्ही शेजारी शोधा."

डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून वीरचा, त्यांच्या मुलाचा फोन आला. "आई, ती स्नोमोबिल सेल करून टाक. बाबा कॅन्ट राइड इट. रोज बघून त्याला जास्त त्रास होत असेल, यू नो?"

संध्यालाही ते पटलं. वीरनं तिथूनच जाहिरात टाकली आणि शनिवारी एक तरुण जोडपं गाडी बघायला आलं. मनोहर गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसला होता, गुडघ्यांवर शाल. त्या पोरानं दोरी ओढून इंजिन चालू केलं, थ्रॉटल दाबला आणि सोडला. सोडल्यावर आवाज खाली यायला हवा होता. तो आला नाही. इंजिन उंच सुरात रेंगाळत राहिलं, मग कुठं हळूहळू उतरलं. पोरगा खुश झाला, त्यानं परत दाबला.

"बंद!" मनोहर ओरडला. "बंद! बंद!"

संध्या चपापली. कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडून नेमका, जागच्या जागी पडलेला असा शब्द तिनं ऐकला नव्हता. मनोहर डावा तळहात खाली खाली दाबत होता, चेहरा लालबुंद. तिनं पुढे होऊन इंजिन बंद केलं.

"सॉरी," ती त्या जोडप्याला म्हणाली. "गाडी अजून विकायची नाहीये."

ते गेल्यावर तिनं मनोहरसमोर स्टूल ओढलं. "काय बिघडलंय तिचं? तुम्हाला ऐकू आलं ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मग डाव्या हातानं आधी कार्ब्युरेटरकडे आणि नंतर तिच्या हातांकडे बोट दाखवलं.

"मी?" संध्या म्हणाली. "मला साधा मिक्सर उघडता येत नाही हो."

पण सोमवारी दुकानातून आल्यावर तिनं जुना स्वेटर चढवला आणि गॅरेजमधला हीटर लावला.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. मनोहर बोट दाखवायचा, ती हात लावायची, तो मान हलवून नाही म्हणायचा. ती एकेक हत्यार उचलून विचारायची, "हे? हे का?" शेवटी कार्ब्युरेटर हातात आला आणि खालची वाटी उघडली, तेव्हा आत पितळेचा एक इवलासा स्क्रू निघाला. मधोमध बारीक भोक. त्याला जेट म्हणतात, एवढं तिला मनोहरच्या जुन्या बडबडीतून आठवलं. सगळं पेट्रोल त्या भोकातून जाणार. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. ब्लाउजच्या हुकापेक्षा तो काही फार मोठा नव्हता. असल्या बारीक वस्तू आयुष्यभर हाताळलेल्या बोटांना तो परका वाटला नाही.

"एवढंच होय!" ती म्हणाली. मनोहर कित्येक दिवसांनी हसला, अर्ध्या ओठानं.

त्यांची एक पद्धत बसली. गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून धरायचा, गॅरेजचं दार सताड उघडायचं म्हणजे धूर कोंडणार नाही, आणि इंजिन चालू करायचं. मनोहर डोळे मिटून ऐकायचा. दोन्ही कार्ब्युरेटर एकाच क्षणी उघडायला हवेत, एक आधी आणि एक मागून नको. ती स्क्रू किंचित फिरवायची, तो बोटानं अजून, अजून, म्हणायचा, आणि मग हात उभा धरायचा. पुरे. त्यानंतर ती दोन्ही स्पार्क प्लग काढून त्याच्या मांडीवर ठेवायची. प्लगचं टोक पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळंओलं असेल तर जास्त. खरपूस भाजलेल्या बेसनाचा रंग आला की जमलं.

डाव्या सिलिंडरचं जमत आलं. उजव्याचा प्लग मात्र पांढराच. तिनं मोठा जेट लावला. पांढरा. अजून मोठा लावला. तरी पांढरा, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिन तसंच रेंगाळायचं.

मनोहर चिडायला लागला. "चप्पल," तो म्हणायचा. "चप्पल, चप्पल!"

तिला वाटलं पाय गार पडले. तिनं आतून त्याच्या सपाता आणल्या. त्यानं पायानं ढकलून दिल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिला वाटलं बाहेर जायचंय, म्हणून तिनं त्याला कोट चढवला. त्यानं हातातला प्लग फरशीवर आपटला.

"बस झालं!" संध्याचा आवाज चढला. "दिवसभर दुकानात गुडघ्यांवर बसून लोकांच्या झालरी टाचते, घरी येऊन तुमच्या इंजिनात डोकं घालते. मी काय तुमचा उजवा हात म्हणून जन्माला आलेय का? आणि वर चप्पल, चप्पल! हाणायचीय का मला?"

ती आत गेली आणि तिनं कुकर लावला. डोळे चुरचुरत होते. मनोहर गॅरेजमध्ये तसाच बसून राहिला. दाराच्या काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती. रागावलेली नव्हती ती पाठ, थकलेली होती. आणि तिला एकदम जाणवलं, की ती निदान आत निघून येऊ शकते. तो त्याच्या डोक्यातून उठून कुठं जाणार?

चुकीचा शब्द खऱ्या शब्दाच्या शेजारी राहतो. चप्पल. तिच्या शेजारी कोण? मोजा. सँडल. बूट.

बूट! तिनं गॅस बारीक केला. कार्ब्युरेटर इंजिनाला जिथं जोडतात तिथं एक जाड रबरी नळकांडं असतं. डेल एकदा गॅरेजमध्ये आला असताना दोघं त्याला बूट, बूट म्हणत होते, आणि ती तेव्हा हसली होती, की हे काय नाव.

ती तशीच बाहेर आली. "बूट का हो? हा रबराचा?"

मनोहरनं डोळे गच्च मिटले आणि मान डोलावली, डोलावतच राहिला.

तिनं इंजिन चालू केलं आणि झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली. डाव्या बुटावर फवारा मारला. काही नाही. उजव्यावर मारला, आणि इंजिनाचा सूर एकदम पडला, क्षणभर अडखळला, परत चढला. पाणी आत ओढलं जात होतं. म्हणजे हवाही जात होती. तिनं रबर काढून वाकवलं तेव्हा खालच्या अंगाला, एरवी कधी दिसली नसती अशी, लांब चीर उघडली. जेट कितीही मोठा लावला असता तरी त्या चिरेनं चोरून आत घेतलेल्या हवेनं एक दिवस पिस्टन जाळलाच असता.

"तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतात," ती म्हणाली.

मनोहरनं खांदा उडवला. एकच उडाला.

नवं रबर आलं, जेट परत लहान केले, आणि आवाज दोन्हीकडून सारखा येऊ लागला. पण गॅरेजमधलं लावणं वेगळं आणि बर्फावर, पूर्ण जोरावर, इंजिन किती खातं ते वेगळं. ते तळ्यावरच कळणार. फेब्रुवारीत डेलनं आपल्या ट्रकला ट्रेलर जोडला आणि तिघं विस्कॉन्सिनला गेले.

चालवायचं कोणी, हा प्रश्न फार वेळ राहिला नाही. डेल म्हणाला, "मी चालवतो." मनोहरनं नकारार्थी मान हलवली आणि हेल्मेट संध्यापुढे धरलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली. पण हेल्मेट घेतलं.

करायचं ते सोपं होतं. सावकाश पलीकडच्या काठाला जाऊन वळायचं, तिथून ट्रकच्या दिशेनं थ्रॉटल पूर्ण दाबून यायचं, काठ जवळ आला की तो न सोडता लाल बटण दाबून इंजिन बंद करायचं, आणि गाडी आपोआप थांबली की प्लग काढून बघायचा. संध्यानं अंगठा टेकवला. आधी हळू, पलीकडे जाऊन वळेपर्यंत. मग तिनं मनात देवाचं नाव घेतलं आणि अंगठा पार खाली दाबला. गाडीनं तिला मागे खेचलं, तळ्याचा पांढरा पसारा अंगावर धावून आला. ती किंचाळली. आणि किंचाळता किंचाळता तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरून किंचाळत नाही आहोत. लाल बटण दाबायचं ती विसरलीच होती, अगदी ऐन वेळी दाबलं.

गाडी घसरत थांबली. तिनं प्लग काढले. ते मुठीत घेऊन ती उरलेलं अंतर बर्फ तुडवत चालत आली, कारण प्लग परत बसवून गाडी चालू करायचं तिला सुचलंच नाही.

मनोहर ट्रकची काच खाली करून बसला होता. त्यानं एक प्लग बघितला, मग दुसरा. दोन्ही खरपूस. त्यानं ते नाकाशी नेले, वास घेतला आणि ट्रकचं दार उघडलं. काठी टेकत तो बर्फावर उतरला आणि गाडीच्या दिशेनं निघाला.

"नाही हो," संध्या त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "नाही जमायचं. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

तो थांबला. उजव्या हाताकडे बघितलं. ज्या अंगठ्यानं थ्रॉटल दाबायचा, तोच. मग भर तळ्यावर तो रडला, आवाज न करता. संध्यानं त्याला थोपवलं नाही. डेल दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं डेल खाकरला. बर्फाला भोक पाडून मासे धरायचं सामान ओढायला त्याच्याकडे एक लांब, उंच कडांची घसरगाडी होती. स्नोमोबिलच्या मागे ती जोडता येते. त्यानं ती रिकामी केली आणि आत घोंगडी अंथरली. मनोहर त्या घसरगाडीकडे बघत राहिला. सामानासारखं ओढून नेणार आपल्याला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग तो आत बसला.

संध्यानं प्लग बसवले आणि अगदी बेतानं गाडी काढली. काठाकाठानं, मासे धरणाऱ्यांनी बर्फावर बांधलेल्या झोपड्यांच्या बाजूनं. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि वळून बघितलं. मनोहरच्या मिशांवर बर्फ बसला होता, इंजिनाचा तेलकट धूर तोंडावर येत होता, नाक वाहत होतं.

"बरं आहे ना? थंडी वाजतेय का? जायचं परत?"

मनोहरनं तोंड उघडलं, शब्द शोधला, हुकला, परत शोधला.

"जोरात," तो म्हणाला. "सरला, जोरात!"

संध्या पुढे वळली आणि तिनं अंगठा दाबला.

त्या हिवाळ्यात ते तळ्यावर आणखी तीनचारदा गेले. मनोहरचे शब्द थोडे परतले, बरेच परतले नाहीत. हात परतलाच नाही. पण थंडी वाढली की हवा दाट होते आणि जेट मोठा लागतो, हे आता त्याला बोटानं दाखवावं लागत नाही. डावीकडचा किती ठेवायचा यावरून मात्र दोघांचं अजून पटत नाही. तो डोळे मिटून ऐकतो आणि नकारार्थी मान हलवतो, ती प्लग त्याच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "बघा की, बघा!" आणि गॅरेजचं दार उघडं असल्यामुळे हे भांडण शेजारच्या तीन घरांना ऐकू जातं.