रांगत ये म्हणाले

“चालत नाही यायचं, बाळ. रांगत ये,” साहेब म्हणाले. “सायकल कुणाला देतोय, ते लोकांना दिसलं पाहिजे ना.”

रेल्वे स्टेशनाजवळच्या एका कंपनीचा वर्धापनदिन होता. मांडव, खुर्च्या, हारतुरे. स्टेजवर हातानं चालवायची लाल तीनचाकी सायकल. मी दहा वर्षांचा. डावा पाय पोलिओनं गेलेला. बा त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन, अजून कायम न झालेला.

मला चालता येत होतं. भुऱ्यामुळं येत होतं.

आम्ही पडेगावचे धनगर. बानं मेंढरं विकली, तेव्हा कुत्र्याचं एक पिल्लू तेवढं ठेवलं. कळपाचं कुत्रं कोकरांत बांधून वाढवतात. बानं भुऱ्याला माझ्या खाटेला बांधून वाढवलं. जुन्या घोंगडीचा पट्टा शिवून त्याच्या छातीभोवती घातला. पट्टा धरला की भुऱ्या आडवा उभा राहायचा आणि मी त्याच्या पाठीवर भार देऊन उठायचो. शाळेत, विहिरीवर, सगळीकडं असंच. मागं पडलेल्या जनावराला सोडून ते कुत्रं पुढं जात नाही. मी त्याचं मागं पडलेलं जनावर होतो.

त्या दिवशी भुऱ्याला मांडवाबाहेर बांधायला लावलं. घाण दिसतं म्हणाले.

बा कानाशी वाकला. “ऐक साहेबाचं. दोन पावलांचा तर सवाल हाय.”

मी हात टेकले.

गुडघ्याखाली खडे. दोन्हीकडं बूट, चपला, साड्यांचे काठ. एक बाई डोळे पुसत होती. माइकवरून आवाज आला, “हा पाहा, एक अपंग मुलगा.” टाळ्या. मी उभा चालायचो तेव्हा कुणी कधी टाळी वाजवली नव्हती.

निम्म्यात आलो आणि भुऱ्या दोरी तोडून आला. माझ्याजवळ आडवा उभा राहिला. रोजच्यासारखा. धर आणि ऊठ.

मी त्याला “हाड” म्हणालो.

सायकल हवी होती. बाची नोकरी हवी होती. साहेब खूश व्हायला हवे होते. मी पुन्हा “हाड” म्हणालो आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो एक पाऊल सरकला आणि तिथंच थांबला.

“अरे, कुत्रं काढा आधी, फोटोत येतंय,” कुणीतरी ओरडलं. एका माणसानं त्याच्या बरगडीत लाथ घातली. भुऱ्या केकाटत लांब गेला. आणि लंगडत परत आला. पुन्हा आडवा उभा राहिला.

मग मी पट्टा धरला आणि उठलो.

टाळ्या थांबल्या. साहेब माइकमध्येच हसले. “अरे, तुला तर चालता येतंय. मग सायकल कशाला हवी?” सगळा मांडव हसला.

मी विचारलं, “साहेब, माझं नाव काय?”

साहेबांनी हातातला कागद पाहिला. उलटून पाहिला. त्यावर माझं नाव नव्हतं.

मी मागं वळलो. खुर्च्यांमधून चालत बाहेर आलो.

परतताना बाच्या सायकलीवर मागं मी, शेजारी भुऱ्या तीन पायांवर. बा हळू चालवत होता. छावणीच्या पुढं एका भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा रंगवलेली होती. “नावापायी मार कशाला खात्यात ही लोकं?” बा रोज म्हणायचा आणि मी हसायचो. त्या दिवशी मी घोषणा पुरी वाचली. माझ्या हसण्याची मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

आठवड्याभरात बाची नोकरी गेली. त्यानं मला बोल लावला नाही. “त्या कुत्र्याला आपल्यापरीस जास्त कळलं,” एवढंच एकदा म्हणाला. भुऱ्याची बरगडी वाकडीच जुळली. पट्टा घालताना रोज हाताला लागायची. लाथ दुसऱ्याची होती, पण पहिली बुक्की माझी होती. तिची माफी मागायला आता भुऱ्या नाही.

मागच्या महिन्यात एका संस्थेचे लोक घरी आले. सायकलवाटप आहे, तुम्ही स्वतः अपंग, पाहुणे म्हणून या. मी विचारलं, पोरं कुठं बसणार?

“खाली, सतरंजीवर. एकेकाला वर घेऊ. फोटो चांगले येतात.”

मी म्हणालो, पोरं वर बसतील. खुर्चीवर, नावानिशी. देणारे खाली उतरून त्यांच्यापर्यंत जातील. एकही पोरगं रांगलं, तर माइक माझ्या हातात असेल, आणि तो मी सोडणार नाही.

त्यांच्यातला एक म्हणाला, “सर, देणगीदार नाराज होतील.”

होऊ द्या. मी एकदा चुकीच्या जिवाला हाड म्हणालोय. आता कुणाला म्हणायचं, ते मला पक्कं माहीत आहे.