चोरून पाहिलेली लढत

उमरग्यातल्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे. बॉक्सिंग मी स्वतः फार खेळलो नाही, पण एका मुलीला शिकवलं आणि ती माझ्या खूप पुढं निघून गेली. तिच्या वडिलांची हायवेला लागून बेकरी आहे. गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणतो. मुलगी आठवीत असताना तिचे पहिले हातमोजे घ्यायला ते माझ्याबरोबर सोलापूरला आले होते. दुकानात त्यांनी स्वतःच मोज्यात हात घातला आणि दुसऱ्या तळहातावर चार ठोसे मारून बघितले.

गेल्या वर्षी तिला दुबईत सहा फेऱ्यांची व्यावसायिक लढत मिळाली. खरी गर्दी दोन नावाजलेल्या पुरुषांच्या लढतीसाठी जमणार होती. त्याआधी वेळ भरायला ज्या लढती ठेवतात, त्यातली एक हिची. बघायची तर एका परदेशी ॲपवर, आणि त्या एका दिवसापुरते पैसे एवढे, की तेवढ्यात त्या मोज्यांचे तीन जोड आले असते. मुलीनं आयोजकांना विचारलं, घरच्यांसाठी एखादा पास मिळेल का? तशी पद्धत नाही, असं उत्तर आलं. ज्यांच्या अंगावर ठोसे बसणार, त्यांच्याच आईबापाला तिकीट.

पैसे मी भरू शकत होतो. पगारदार माणूस आहे. पण मला संताप आला होता आणि संतापाच्या आड चिकटपणा लपवणं सोपं असतं. माझा एक जुना विद्यार्थी मोबाईलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "सर, कशाला भरताव पैसे? लिंक देतो की. समदे फुकटच बघत्यात."

मी लिंक घेतली.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. चाचा, चाची, शेजारपाजारचे, बेकरीतले कारागीर, आमच्या शाळेतल्या दोन बाई, असे पंधरा-वीस जण आले. चाचींनी नानकटाईचा डबा आणला होता. भिंतीवर आधी जुगाराच्या ॲपची जाहिरात उघडली. फुलीवर दाबलं तर दुसरी उघडली. तिसऱ्या-चौथ्यानंतर एकदाचं रिंग दिसलं, आणि त्यात ती. चाची जागच्या जागी उभ्या राहिल्या.

चित्राच्या उजव्या बाजूला एक पट्टी सरकत होती. जगभरातले फुकट बघणारे तिथं मनात येईल ते लिहीत होते. बहुतेक हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत. पहिली फेरी संपेपर्यंत माझं तिकडं लक्षच गेलं नाही. मग गेलं. तिच्या अंगाबद्दल, तिच्या चड्डीबद्दल, तिच्या धर्माबद्दल लिहिलेलं होतं. जे मी गटाराच्या कडेलाही उच्चारणार नाही, ते माझ्या शाळेच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत वर चढत होतं.

चाचींना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्यांनी चाचांना विचारलं, "ते बाजूला काय लिवलंय?"

चाचा दहावी झालेत. पट्टीकडं बघतच ते म्हणाले, "शाबासकी देतायत पोरीला."

चाची हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, शाबासकी देतायत."

मी उठलो आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढं तळहात आडवा धरला. पट्टी झाकली गेली, पण अर्धं रिंगही काळं झालं. ती त्या काळ्यात गेली की दिसायची नाही, फक्त प्रेक्षकांचा गलका ऐकू यायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, हात काढा की." मी काढला नाही. चाचा माझ्याकडं बघत नव्हते.

चौथ्या फेरीत तिला जबड्यावर ठोसा बसला आणि तिचा गुडघा टेकला. पंचानं मोजायला सुरुवात केली. तीन, चार. तिथंच चित्र गोठलं आणि सबंध भिंतभर एक उघडीवाघडी बाई आली, आवाजासकट. मी वायर उपटली.

चाचींनी ओढणी तोंडावर ओढली होती. चाचा उठले, डबा बंद केला आणि म्हणाले, "येतो सर. दुकानात माणूस न्हाय." दुकानातली दोन्ही माणसं तिथंच बसलेली होती, त्यांतल्या एकाला धाडता आलं असतं.

तासाभरानं तिचा फोन आला. ती उठली होती आणि गुणांवर जिंकली होती. "सर, अब्बांनी बघितलं?"

"चौथ्या फेरीपर्यंत."

"म्हणजे मी पडलेली बघितली. उठलेली न्हाय."

नंतर तिनं स्वतःच्या लढतीचं रेकॉर्डिंग मागितलं, तर ॲपच्या कंपनीनं तिलाच पैसे भरायला सांगितलं. तिच्या मैत्रिणीनं शेवटच्या दोन फेऱ्या मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकल्या होत्या. प्रक्षेपणाच्या हक्कांचा भंग म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या काढून टाकल्या गेल्या. पण गुडघा टेकल्याचा तेवढा तुकडा, जुगाराच्या ॲपचं नाव वर चिकटवलेला, आजही कुठंही सापडतो. त्या मोबाईलवाल्यानंही तोच स्टेटसला ठेवला होता, खाली माझं अभिनंदन.

"काढ ते," मी म्हणालो.

"सर, लिंक तर तुमीच नेली होती," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. त्यानं जे होतं तेच सांगितलं.

कंपनीची मला शिसारी आली होती, त्या पट्टीवर लिहिणाऱ्यांचीही. पण त्या दिवशी घरी येऊन हात धुताना मला माझ्याच तळहाताची किळस वाटली.

मुलगी घरी आली, तेव्हा मी बेकरीत गेलो. चाचा टोस्टच्या पिशव्या बांधत होते. म्हणालो, "चाचा, चुकलं माझं. मी पैसे भरायला पायजे होते."

ते पिशवीची गाठ मारत राहिले. "घरात तेवढं सांगू नका, सर. पोरीच्या आईला अजून शाबासकीच वाटतीय."

मागच्या अंगणात भट्टीजवळ मुलगी चाचींना पाचवी फेरी करून दाखवत होती. चाचा हात पुसून तिकडं गेले आणि समोर उभे राहिले. मलाही बोलावलं. मी गिऱ्हाईक बघतो म्हणालो आणि गल्ल्यापाशी बसून राहिलो.